एक छप्पर, अनेक दारें

‘उंबरठ्याबाहेर’च्या टपालांत गेल्या महिन्यांत जीं पत्रें आलीं, त्यांतील एका पत्रानें मला थोडें अडचणींतच टाकलें. पत्र लिहिणाऱ्या भगिनी विचारतात : “आमच्या घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें आहेत. सासूबाईंची साठी उलटली आहे. आफ्रिकेंतील रान एकदां डोळ्यांनीं पाहावें अशी त्यांची फार दिवसांची इच्छा. पण तंबूंत राहणें, थंडींत जमिनीवर निजणें, परक्या माणसांच्या पंक्तीस बसणें हें त्यांना झेपेल काय? आणि आमच्यासारख्या शाकाहारी माणसांनीं तेथें खावें तरी काय?”

प्रश्न व्यवहाराचा आहे. उत्तरहि व्यवहाराचेंच देईन. परंतु तें देण्यापूर्वीं घरांतली एक गोष्ट सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. ती सांगण्यास ज्यांची संमति हवी होती, त्यांनीं ती आनंदानें दिली आहे. मात्र “भाऊजी, तुमच्या भांड्यांची हकीकत वगळूं नका हो,” अशी अटहि त्यांनीं घातली आहे.

आमचें घर चौदा माणसांचें. थोरले बंधु वारल्याला सहा वर्षें झालीं. विसाव्या वर्षीं वहिनी या घरांत आल्या आणि तेव्हांपासून आजतागाईत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षें, आमच्या स्वयंपाकघराचा कारभार त्यांच्या हातीं राहिला. कोठीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला, आणि सर्वांचीं पानें उठल्यावर शेवटचें पान त्यांचें, ही आमच्या घराची रीत. २०२५ सालच्या उन्हाळ्यांत दोघां सुनांनीं, अगदीं अदबीनें, एक गोष्ट बोलून दाखविली : वरच्या मजल्यावर आपापलीं लहानशीं स्वयंपाकघरें करून घ्यावीं काय? दोघीहि नोकरी करणाऱ्या. वेळा निराळ्या, मुलांच्या आवडी निराळ्या. शब्द कोणताच कडू नव्हता. पण वहिनी त्या रात्रीं जेवल्या नाहींत. “चूल वेगळी झाली म्हणजे घर वेगळें झालें,” एवढेंच त्या बोलल्या.

त्यांचा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त केपटाउनला असतो. आफ्रिकेचे हत्ती पाहण्याची आमच्या बंधूंना जन्मभर हौस, आणि वडिलांना एकदां नेऊन आणीन असें त्यानें कबूल केलेलें. तें राहून गेलें. त्यानें आतां आईसाठीं एका सफरींत जागा धरली. स्वतःला रजा मिळेना म्हणून दुसरी जागा माझ्या नांवें. आमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्यांना तंबू मानवणारा नव्हता. “चुलीचें काय तें परत आल्यावर ठरवूं,” असें म्हणून वहिनींनीं किल्ल्या सुनांच्या स्वाधीन केल्या आणि जुलै महिन्यांत आम्ही निघालों.

आतां ही सफर म्हणजे काय तें सांगतों. मालमोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली एक उंच गाडी. वर मोठ्या खिडक्या, खालीं कुशीला फळ्यांची कपाटें. एक कपाट उघडलें कीं त्यांतून आख्खें स्वयंपाकघर बाहेर निघतें. आम्ही प्रवासी सोळा : जर्मन, डच, कोरियन, ब्राझीलचे, आणि आम्ही दोघे. बरोबर एक वाटाड्या आणि एक आचारी. गाडी दोघे आळीपाळीनें हांकीत. केपटाउनहून निघून नामिबिया व बोट्स्वाना ओलांडीत व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत पांच हजारांहून अधिक किलोमीटरांची वाट वीस दिवसांत तोडावयाची. मुक्कामाला पोंचलें कीं ज्यानें त्यानें आपला तंबू उभारावा आणि पहांटे ज्यानें त्यानें तो मोडून बांधावा. वाटाड्या झिंबाब्वेचा, एन्देबेले भाषा बोलणारा. पहिल्याच दिवशीं त्यानें वहिनींना “गोगो” म्हणून हांक मारली. त्याच्या भाषेंत गोगो म्हणजे आजी.

गाडीच्या दारावर एक तक्ता टांगला होता. स्वयंपाकास मदत, भांडीं, गाडी झाडणें, सामान चढविणें. रोज चार टोळ्या, रोज काम पालटतें. त्या तक्त्याला वय कळत नव्हतें. स्त्रीपुरुष हा भेदहि त्याच्या गांवीं नव्हता.

दुसऱ्या मुक्कामाची गोष्ट. दक्षिण आफ्रिका व नामिबिया यांच्या सीमेवरून ऑरेंज नदी वाहते; तिच्या कांठीं आमचे तंबू पडले होते. जेवणें आटोपलीं. मी टिपणवही घेऊन दिव्याशीं बसलों होतों. तक्त्यावर त्या दिवशीं भांड्यांपुढें माझें नांव होतें, हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण चौसष्ट वर्षांत जें काम आपोआप होत आलें, तें याहि वेळीं आपोआप होईल असा मनांत कोठेंतरी भरंवसा होता. वहिनी तर पदर खोंचावा तशी ओढणी खोंचून उठल्याहि. इतक्यांत वाटाड्या आडवा आला. “गोगो, तुमचें नांव उद्यां आहे.” आणि एका विशीबाविशीच्या डच मुलीनें घमेलें आणून हंसतमुखानें माझ्यापुढें ठेविलें.

वाचकहो, मीं तीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविला. पुढच्या मुक्कामावरील फिश नदीची दरी १६० किलोमीटर लांब, कांहीं ठिकाणीं २७ किलोमीटर रुंद व सुमारें ५५० मीटर खोल आहे, हें मी झोपेंतूनहि सांगितलें असतें. पण पॉयकी म्हणून तेथें जें तीन पायांचें बिडाचें भांडें असतें, त्याच्या बुडाशीं लागलेलें अन्न आधीं भिजत घालावें लागतें, हें मला कोणी शिकविलेलें नव्हतें. तीन घमेलीं असतात : एकांत साबण, दुसऱ्यांत जंतुनाशक औषध, तिसऱ्यांत स्वच्छ पाणी. नंतर ताटल्या फडक्यानें पुसावयाच्या नाहींत. दोन्हीं हातांत धरून पंख्यासारख्या हवेंत फडफडवून वाळवावयाच्या. अठरा ताटल्या, अठरा वाडगे आणि तें लोखंडी धूड. माझी कंबर धरली. वहिनी दूर खुर्चीवर बसून पाहत होत्या. त्यांना हंसूं येत असेल असें मला वाटलें. पण त्यांचा चेहरा मात्र कावराबावरा झालेला.

रात्रीं म्हणाल्या, “भाऊजी, हाताला काम नसलें कीं मी इथें कोण, तेंच मला कळेनासें होतें.”

त्यांच्या अबोल्याचें मूळ मला त्या वाक्यानें प्रथम दिसलें. सुनांनीं चूल मागितली तेव्हां वहिनींना घर फुटण्याचें भय वाटलें हें खरें. पण त्याहून मोठें भय आपण उरणार कोण, याचें होतें.

दक्षिण नामिबियांतील रस्ते सरळ, धुळीचे आणि निर्मनुष्य. मधूनमधून बाभळीच्या कुळांतले काटेरी वृक्ष उभे. अशा एका वृक्षावर कोणीतरी गवताची गंजी रचून ठेविली आहे, असें दुरून वाटलें. गाडी थांबली. ती गंजी नव्हे, तें घरटें होतें. आपल्याकडील सुगरणीच्या जातीचे, चिमणीएवढे पक्षी तें बांधतात. एकेका घरट्यांत शंभर-शंभर जोडपीं राहतात. पिढ्यानुपिढ्या तेंच घरटें वापरांत असतें, आणि तें वाढतां वाढतां इतकें जड होतें कीं कधीं कधीं फांदीच मोडते. वरचें गवती छप्पर सर्वांचें. त्याची शाकारणी सर्वांनीं मिळून करावयाची. परंतु खालून पाहिलें तर चाळणीसारखीं भोकें दिसतात. तीं एकेका खोलीचीं दारें. ज्या जोडप्याची खोली त्याची. पहांटेच्या गारठ्यांत आंतल्या खोल्या उबदार राहतात, आणि आधींच्या विणीचीं मोठीं झालेलीं पिलें पुष्कळदां धाकट्या भावंडांना चारा भरवितात. एवढेंच काय, एका खोलींत लहानसा ससाणा बिऱ्हाडकरू म्हणून राहतो. त्याचेंहि त्या गर्दींत भागतें.

वहिनी मान वर करून बराच वेळ त्या झाडाखालीं उभ्या होत्या. गाडींत बसल्यावर म्हणाल्या, “छप्पर एक आहे. पण दारें निरनिराळीं आहेत, भाऊजी.” त्या दिवशीं पुढें त्या कांहीं बोलल्या नाहींत आणि मीहि विषय काढला नाहीं.

नामिबचें वाळवंट जगांतील अतिप्राचीन वाळवंटांपैकीं एक. सेस्रीमच्या फाटकापासून ४५ किलोमीटरांवर जी तांबूस वाळूची टेकडी आहे तिला ‘पंचेचाळीस नंबर’ असेंच नांव पडलें आहे. सूर्योदयापूर्वीं तिच्यावर चढावयाचें. एक पाऊल पुढें टाकावें तों अर्धें मागें घसरतें. वहिनी निम्म्यावर बसल्या आणि तेथूनच त्यांनीं सूर्य उगवतांना पाहिला. पुढें डेडव्हले म्हणून पांढऱ्या मातीचें एक कोरडें तळें लागतें. नदीनें वाट बदलली, वाळूनें पाणी अडविलें, आणि तेथील झाडें सहाशें वर्षांपूर्वींच वाळून गेलीं. हवेंत ओल नाहीं म्हणून तीं कुजलींहि नाहींत. उन्हानें काळीं होऊन जेथल्या तेथें उभीं आहेत. पाणी गेल्यावरहि जागा न सोडणारीं तीं झाडें पाहून मला कां कोण जाणे, उगीच उदास वाटलें.

समुद्रकांठीं स्वाकोपमुंड हें जर्मनांनीं १८९२ मध्यें वसविलेलें टुमदार गांव आहे. त्याच्या रंगीत घरांकडे पाहून भुलूं नये. १९०४ ते १९०८ या काळांत हेरेरो व नामा लोकांचा जर्मन सत्तेनें जो संहार केला, त्यांतील कित्येकांना या गांवच्या छावणींत मरण आलें. तो वंशसंहार होता हें जर्मन सरकारनें २०२१ मध्यें मान्य केलें. आमच्यांतील दोघे जर्मन तरुण त्या कबरींपाशीं बराच वेळ उभे राहिले आणि त्या संध्याकाळीं पाळी नसतांनाहि भांड्यांस आले.

उत्तरेस एटोशा. १९०७ पासून राखून ठेविलेलें हें रान. त्याच्या मध्यभागीं सुमारें ४,८०० चौरस किलोमीटरांचें खारट, पांढरें, बहुतेक काळ कोरडें असें सरोवर आहे. ओकाउकुएयोच्या तळाशेजारीं एक पाणवठा आहे. त्यावर रात्रभर मंद दिवे लावलेले असतात. अलीकडे दगडी भिंत, आणि भिंतीशीं घोंगड्या पांघरून शें-दीडशें माणसें बसलेलीं. कीर्तनांतहि अशी शांतता मीं पाहिलेली नाहीं. आधीं जिराफ आले. पाय फांकवून, दहादां इकडेतिकडे पाहून प्याले. मग काळी गेंडीण आली, मागें तिचें पिलूं. तीं पीत असतां हत्तींचा कळप आला आणि गेंडीण मुकाट्यानें बाजूला झाली. शिंगांच्या लोभानें माणसानें गेंड्यांची जात नाहींशी होण्याच्या पंथाला लावली. पण त्या पाणवठ्यावर त्यांना फक्त हत्तीचा मान राखावा लागत होता. वहिनींनीं रात्रीं एक वाजेपर्यंत जागा सोडली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं गवतांत दूरवर एक चित्ता बसलेला दिसला. वहिनी म्हणाल्या, “हाच का तो आपल्याकडे आणलेला?” त्यांचें म्हणणें अगदीं चुकीचें नव्हतें. सप्टेंबर २०२२ मध्यें नामिबियाहून आठ चित्ते मध्यप्रदेशांतील कुनोच्या रानांत आणण्यांत आले. आपल्याकडचा चित्ता नामशेष झाल्याचें १९५२ मध्यें जाहीर झालें होतें. त्याच्याहि पूर्वीं, येथले चित्ते दुर्मिळ झाले तेव्हां, कोल्हापूर संस्थानांत शिकारीसाठीं आफ्रिकेंतून चित्ते आणून पाळीत. तेव्हां हा पाहुणा महाराष्ट्राला अगदींच परका नाहीं.

बोट्स्वानांत शिरल्यावर ठिकठिकाणीं गाडी थांबवून सर्वांना खालीं उतरवितात आणि औषधी पाण्यानें भिजलेल्या पायपुसण्यावर जोडे टेकवावयास लावतात. गुरांचा लाळरोग एका भागांतून दुसऱ्या भागांत जाऊं नये म्हणून ही व्यवस्था. वहिनींना ती फार पसंत पडली. “पाय धुतल्याशिवाय घरांत येऊं नये हें यांना कळतें,” असें त्या म्हणाल्या. या देशाच्या नाण्याचें नांव ‘पुला’. पुला म्हणजे पाऊस. ज्या मुलखांत पैशाला पाऊस म्हणतात, तेथें पाण्याची किंमत निराळी सांगावयास नको.

आणि असल्या कोरड्या मुलखाच्या पोटांत ओकावांगो नदी येऊन मुरते. अंगोलाच्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी समुद्राला मिळतच नाहीं. कलाहारीच्या वाळूंत तिला असंख्य फांटे फुटतात आणि तेथेंच ती संपते. बहुतेक पाणी ऊन आणि झाडें पिऊन टाकतात. नवल असें कीं अंगोलांत पाऊस पडतो उन्हाळ्यांत, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास. पण सपाट प्रदेशांतून तें पाणी इतकें संथ येतें कीं येथें पूर चढतो तो ऐन कोरड्या हिवाळ्यांत, जून-जुलैला. भोंवतालचें रान सुकलेलें असतें तेव्हांच येथें पाणी भरतें, म्हणून सारे प्राणी इकडे लोटतात. या पाण्यांतील कित्येक बेटांचा पाया वाळवीच्या वारुळांनीं घातलेला आहे. २०१४ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत हा प्रदेश हजारावा म्हणून नोंदला गेला.

गाडी मागें ठेवून आम्ही मोकोरोंत बसलों. मोकोरो म्हणजे अरुंद होडी. पूर्वीं एकाच झाडाचें खोड कोरून करीत, आतां झाडें वांचविण्यासाठीं पुष्कळशा कृत्रिम धाग्यांच्या करतात. मागें उभें राहून लांब काठीनें ती रेटतात. आमची होडी रेटणारी एक बाईच होती. लव्हाळ्यांतून, कमळांच्या पानांवरून, पाण्याला धक्का न लावतां ती आम्हांस एका बेटावर घेऊन गेली. तेथें कुंपण नाहीं, दिवे नाहींत. शौचास झाडाआड खणलेला खड्डा. आमच्या वाचक भगिनींस हें आधींच सांगून ठेवतों. पहिल्या दिवशीं संकोच वाटतो, दुसऱ्या दिवशीं वाटत नाहीं.

त्या संध्याकाळीं स्वयंपाकाच्या तक्त्यावर वहिनींचें नांव होतें. त्यांनीं घरून आणलेली भाजणी काढली. कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ घालून पीठ भिजविलें. बिडाच्या भांड्याचें झांकण निखाऱ्यांवर उलटें ठेवून तवा केला. मी समजलों, आतां या सर्वांना करून घालणार. तों त्यांनीं टोळींतल्या तिघांना बोलावून प्रत्येकाच्या हातीं एकेक गोळा दिला. थापावें कसें, भोकें कां पाडावीं, तेल कोठें सोडावें, सारें खुणांनीं दाखविलें आणि आपण खुर्चीवर जाऊन बसल्या. एका ब्राझिली तरुणानें आपलें वांकडेंतिकडें, कडेला करपलेलें पहिलें थालीपीठ उतरविलें आणि कोणी न सांगतां तें वहिनींच्या पुढें नेलें.

त्या तें हातांत धरून नुसत्या बसल्या. मग मराठींतच त्याला म्हणाल्या, “सत्तेचाळीस वर्षांत तव्यावरचें पहिलें मला कोणी वाढलें नव्हतें रे.” त्याला अक्षरहि समजलें नाहीं, त्यानें हंसून मान डोलावली. मला मात्र घांस गिळतां येईना. कारण त्या सत्तेचाळीस वर्षांत तव्यावरचें पहिलें पुष्कळदां माझ्याच पानांत पडलें होतें.

त्याच रात्रीं हत्ती आले. रात्रीं तंबूबाहेर पडावयाचें नाहीं, हा तेथील पहिला नियम. प्रथम फांदी मोडल्याचा कडाका झाला. मग दुसरा, अगदीं जवळ. हत्तीच्या तळपायाखालीं चरबीची गादी असते, त्यामुळें एवढें धूड चालतांना पाऊल वाजत नाहीं. वाजतें तें त्याचें जेवण. कापडाच्या पलीकडे सालें ओरबाडल्याचा आवाज आणि मधूनच दूर आभाळ गडगडावें तसा पोटांतला घरघराट. त्यांच्या बोलण्यांतला बराचसा भाग तर माणसाच्या कानाला ऐकूंच येत नाहीं. मी घामानें भिजलों. शेजारच्या तंबूंतून वहिनींचा हलका आवाज आला, “भाऊजी, भिऊं नका. त्यांचें आटोपलें कीं जातील.” अर्ध्या तासानें खरोखरच गेले. सकाळीं तंबूच्या दोरीपासून दोन हातांवर परातीएवढें पाऊल उमटलेलें होतें, आणि दोरीला धक्काहि लागलेला नव्हता.

पुढें चोबे नदीवर तर हत्तींची जत्राच. २०२२ सालच्या गणतींत एकट्या बोट्स्वानांत सुमारें १,३०,००० हत्ती भरले; जगांत दुसऱ्या कोणत्याहि देशांत इतके नाहींत. कळप माद्यांचा व पिलांचा. पुढारी सर्वांत वडील मादी. पाणी कोठें होतें, कोणत्या वाटेनें जावें, तें तिच्या स्मरणांत असतें. पूर्व आफ्रिकेंत टांझानियांतील तरंगिरे येथें १९९३ च्या दुष्काळांत असें दिसलें कीं, ज्या कुळांत तीस-पस्तीस वर्षांपूर्वींचा दुष्काळ पाहिलेल्या वृद्ध माद्या होत्या, तीं कुळें रान सोडून पाण्याच्या शोधांत गेलीं आणि त्यांचीं पिलें अधिक जगलीं. जें कुळ तेथेंच राहिलें, त्यांतल्या म्हाताऱ्या माद्या हस्तिदंताच्या चोरांनीं पूर्वींच मारल्या होत्या. होडींत वाटाड्या हें सांगत असतां वहिनींनीं मला पुन्हां पुन्हां भाषांतर करावयास लावलें.

पण त्याच वाटाड्यानें दुसरी बाजूहि सांगितली. २०२४ सालच्या भयंकर दुष्काळांत नामिबिया सरकारनें ७२३ वन्य पशु, त्यांत ८३ हत्ती, मारून त्यांचें मांस भुकेल्या लोकांस वाटण्याचें ठरविलें. झिंबाब्वेनेंहि २०० हत्तींविषयीं तसेंच जाहीर केलें. मीं हें ऐकून “शिव शिव” म्हटलें. वाटाड्या शांतपणें म्हणाला, “साहेब, माझी आई ह्वांगेच्या रानाच्या सीमेवर राहते. चार महिने राबून तिनें मका उभा केला होता. एका रात्रींत हत्तींनीं तो खाल्ला. तुम्ही हत्ती पाहावयास येतां म्हणून मला पगार मिळतो आणि त्या पगारावर ती जेवते. पण ज्याला असा पगार नाहीं, त्यानें हत्तीवर प्रेम कसें करावें?” नामिबियांत १९९६ च्या कायद्यानें गांवकऱ्यांना आपल्या मुलखांतील वन्य पशूंवर हक्क व त्यांच्या उत्पन्नांत वांटा दिला, तो याच प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं. मीं मान खालीं घातली. वहिनी मात्र त्याला म्हणाल्या, “कोठी रिकामी झाल्याचें दुःख मला ठाऊक आहे. आईला किती दिवसांनीं भेटतोस?” तो म्हणाला, “वर्षांतून तीन आठवडे, गोगो.”

व्हिक्टोरिया धबधब्याचें वर्णन मी करीत नाहीं. १,७०८ मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच असा तो पाण्याचा पडदा. लिव्हिंग्स्टननें १८५५ मध्यें तो पाहिला आणि आपल्या राणीचें नांव त्याला दिलें. तेथील लोकांचें नांव ‘मोसी-ओआ-तुन्या’, गर्जणारा धूर. तेंच मला अधिक खरें वाटतें. तुषारांनीं चिंब होऊन वहिनी कठड्याशीं उभ्या होत्या. “हे असते तर...” एवढेंच त्या म्हणाल्या.

घरीं परतल्यावर आठव्या दिवशीं रात्रीं वहिनींनीं सर्वांना माजघरांत बसविलें. सुनांनीं वर स्वयंपाकघरें करावींत; सकाळचा चहा, न्याहारी, मुलांचे डबे ज्याचे त्यानें आपल्या सोयीनें पाहावेत. रात्रीचें पान मात्र सर्वांचें खालीं, एका छपराखालीं. कोठीच्या किल्ल्या महिन्यामहिन्यानें फिरतील. आणि शेवटीं त्यांनीं एक कागद काढला. तो तक्ता होता. त्यांत आमच्या पुतण्यांचींहि नांवें होतीं, नातवांचींहि, आणि मंगळवार-शुक्रवार भांड्यांपुढें माझें. थोरली सून एकदम उठून त्यांच्या पायांशीं बसली. दोघीहि रडल्या. आम्ही पुरुष छताकडे पाहत राहिलों.

सर्व सुरळीत झालें असें मात्र मी लिहिणार नाहीं. डिसेंबरांत मधल्या पुतण्यानें कचेरीच्या जवळ जागा घेतली आणि तो बिऱ्हाड घेऊन गेला. वहिनींना तें लागलें. पण या वेळीं त्या जेवल्या. तीं चौघें रविवारीं येतात, पंक्तीस बसतात आणि तक्त्याप्रमाणें ताटेंहि घासून जातात. सप्टेंबरांत एटोशाच्या रानांत मोठा वणवा लागून सुमारें एक तृतीयांश रान जळाल्याची बातमी आली, तेव्हां वहिनींनीं मला ती तीनदां वाचावयास लावली. त्या गेंडिणीच्या पिलाविषयीं त्या अजून विचारतात.

आतां पत्रलेखिका भगिनींस उत्तर. गाडीची पांच-सहा पायऱ्यांची शिडी चढतां येत असेल आणि दिवसांतून सहा-आठ तास बसणें सोसत असेल, तर सासूबाईंना अवश्य पाठवा. तंबू मानवत नसेल तर पक्क्या खोल्यांत उतरणाऱ्याहि सफरी असतात. मे ते सप्टेंबर हे महिने कोरडे. प्राणी पाणवठ्यावर दिसतात. परंतु वाळवंटांतील रात्रीं कडाक्याच्या थंड, तेव्हां लोंकरीचे कपडे पुरेसे द्यावेत. ओकावांगो, चोबे व धबधबा या भागांत हिंवतापाचें भय आहे. निघण्यापूर्वीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रत्येक देशाच्या प्रवेशपरवान्याचे नियम निराळे आणि बदलते. ते त्या त्या वेळीं पाहून घ्यावेत. शाकाहारी असल्याचें आगाऊ कळविलें तर उपास पडत नाहीं : मक्याच्या पिठाची घट्ट उकड, घेवड्याची उसळ, भोपळा, बटाटे, पाव आणि फळें मिळतात. बरोबर भाजणी व लिंबाचें लोणचें द्यावें.

आणि एक गोष्ट. सासूबाई परत आल्यावर घरांतला कारभार होता तसाच राहील, अशी खात्री मी देऊं शकत नाहीं. आज शुक्रवार आहे. वहिनींची हांक आलीच. मोरीपाशीं भांडीं माझी वाट पाहत आहेत.